कान लावून बसलेलं गाव

पहिला दिवस

लाँगयिअरब्येन या स्वालबार्डमधल्या मोठ्या गावाच्या विमानतळावर सामानाबरोबर माणसांचंही वजन झालं. पुढचं विमान छोटं डॉर्नियर, त्यामुळे किलोकिलोचा हिशेब. आम्ही तिघं: माहितीपटाची दिग्दर्शिका, जिला आम्ही सगळे ताईच म्हणतो, कॅमेरामन, आणि ध्वनिमुद्रणासाठी मी. माझ्या पेट्या सगळ्यात जड निघाल्या. त्याला कारण होतं. नेहमी खिशात मावणारे बिनतारी कॉलर माइक या वेळी उपयोगाचे नव्हते, म्हणून चारशे मीटर केबल उचलून आणली होती.

नी-ओलेसुन. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोंग्सफ्योर्ड या जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या फाट्याच्या काठाला, ७८ अंश ५५ मिनिटं उत्तर अक्षांशावर. इथून उत्तर ध्रुव साधारण १२३० किलोमीटर. हिवाळ्यात तीस-पस्तीस माणसं, उन्हाळ्यात शंभराच्या वर. त्यातलं कुणी इथलं कायमचं रहिवासी नाही. दहा देशांची संशोधन केंद्रं, त्यांना सांभाळणारी किंग्स बे ही नॉर्वे सरकारची कंपनी, एक भोजनगृह, एक बंदर, एक धावपट्टी. आमचा माहितीपट अशा दूरच्या केंद्रांवर माणसं कशी राहतात आणि काय काम करतात याविषयी आहे.

वीस-पंचवीस मिनिटांच्या उड्डाणात खाली फक्त बर्फाचे कडे आणि हिमनद्यांच्या भेगा दिसल्या. उतरायच्या आधीच फोन ‘फ्लाइट मोड’वर टाकायला सांगितलं होतं. उतरल्यावर ते तसेच ठेवायचे, परत जाईपर्यंत. या गावाभोवती वीस किलोमीटरच्या वर्तुळात २ ते ३२ गिगाहर्ट्‌झ या पट्ट्यात परवानगीशिवाय काहीही प्रक्षेपित करायचं नाही. वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. ड्रोन आम्ही आणलाच नव्हता. इंटरनेट आहे आणि चांगलं आहे, २०१५ साली समुद्रतळावरून ऑप्टिकल फायबर आली. पण ते भिंतीतल्या भोकात तार खुपसून वापरायचं.

खोलीत सामान टाकलं आणि खिडकी उघडली. रात्रीचे अकरा, आणि समोर लखलखीत ऊन. एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य इथे मावळत नाही. मी हेडफोन लावून नुसतं ऐकलं. वारा, पक्षी, कुठेतरी वीजघराच्या जनरेटरची मंद घरघर. बाकी काही नाही.

दुसरा दिवस

सकाळी सुरक्षेची शिकवण. गावाबाहेर जायचं तर सोबत बंदूकधारी माणूस हवाच, कारण ध्रुवीय अस्वल कधीही, कुठूनही येऊ शकतं. गोळी हा शेवटचा उपाय. आधी दुरूनच ओळखायचं, मागे सरकायचं, मग ‘फ्लेअर’ पिस्तुलाचा आवाज आणि उजेड करून पळवायचं. गावातल्या इमारतींना कुलपं लावत नाहीत. अस्वल दिसलं तर समोरचं पहिलं दार ढकलायचं आणि आत शिरायचं. ते दार कुठल्या देशाचं, हे बघायचं नाही. मला हा नियम फार आवडला.

दुसरा नियम बुटांचा. प्रत्येक इमारतीच्या दाराशी बूट काढायचे. हे खाणकामगारांच्या काळापासून चालत आलंय, कोळशाची काजळी घरात येऊ नये म्हणून. खाण बंद होऊन साठ वर्षं झाली, सवय राहिली. माझ्या कामाला ती वरदान ठरली. माणसांनी भरलेल्या भोजनगृहात पावलांचा आवाजच नाही. भांडी, गप्पा, हसणं आणि लोकरी मोजे. एरवी असल्या जागी खुर्च्या-बुटांच्या खडखडाटात बोलणं बुडून जातं. इथे सहा टेबलांपलीकडची कुजबुज माइकने उचलली.

दुपारी मात्र मी घाबरले. पेटीत एक हेडफोन होता, रोजच्या वापरातला, बिनतारी. तो मी बंद केला होता, निदान मला तसं वाटलं होतं. केबल काढताना त्याचा निळा दिवा लुकलुकताना दिसला. म्हणजे आदल्या दिवसापासून तो जोडी शोधत हाका मारत बसला होता. मी लगेच जाऊन सांगितलं. कुणी रागावलं नाही. वेळ विचारली, जागा विचारली, लिहून घेतलं. त्या लिहून घेण्याचंच मला जास्त वाईट वाटलं, कारण त्यातून कळलं की ही नुसती शिस्त नाही, कुणाचं तरी मोजमाप त्यावर अवलंबून आहे.

संध्याकाळी सुरय पक्ष्यांचं चित्रीकरण. आर्क्टिक सुरय जेमतेम शंभर ग्रॅमचा, लाल चोचीचा. दरवर्षी आर्क्टिकहून अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परत येतो. अंगावर छोटी यंत्रं लावून पाहिलं तेव्हा वर्षाचा प्रवास सरासरी ७०,००० किलोमीटरच्या घरात निघाला. घरटं म्हणजे रस्त्याकडेच्या खडीतला खळगा. तुम्ही रस्ता सोडला नाहीत तरी तो डोक्यावर झडप घालतोच. सगळ्यात उंच वस्तूवर चोच मारायची ही त्याची रीत, म्हणून इथले लोक हातात काठी धरून चालतात. माझ्या हातात बूम होता, टोकाला केसाळ कव्हरातला माइक. मी तो उंच धरला. पहिला हल्ला कानात फुटला तेव्हा गुडघे लटपटले. आधी वरून घासत येणारी ‘कि-कि-कि-किर्रर्र’, मग पंखांची एक फडफड, आणि मग थेट माइकवर चोचीचा ‘टक्’. चार वेळा मिळाला, स्वच्छ. पाचव्याला आम्ही निघालो. घरट्यातली अंडी गार पडू द्यायची नव्हती.

तिसरा दिवस

आज त्या शांततेचं कारण पाहिलं. गावापासून थोडं दूर, ब्रांडाल नावाच्या जागी नॉर्वेच्या भूमापन खात्याची वेधशाळा आहे, २०१८ साली सुरू झालेली. तेरा मीटर व्यासाच्या दोन तबकड्या, पांढऱ्याशुभ्र. त्या अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेसारांचा, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी गाभ्यांचा, रेडिओ आवाज ऐकतात. ऐकतात म्हणायचं, पण तो संकेत इतका क्षीण असतो की जवळपासचा एखादा वायफायचा डबा त्यापुढे ढोल बडवल्यासारखा.

आता हे सगळं कशासाठी? तर पृथ्वी मोजण्यासाठी. एकाच क्वेसारकडे जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतल्या तबकड्या एकाच वेळी तोंड करतात. संकेत एकीला आधी पोचतो, दुसरीला किंचित उशिरा. तो फरक अणुघड्याळांनी मोजला की दोन तबकड्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या हिशेबात कळतं. पृथ्वी किती वेगाने फिरते, अक्ष किती डुलतो, खंड कुठे सरकतात, हे सगळं यातून निघतं. समुद्राची पातळी किती चढली हे सांगायचं, तर आधी जमीन स्थिर आहे का ते माहीत हवं. आणि इथली जमीन स्थिर नाही. बर्फाचा भार कमी होतोय, त्यामुळे ती दरवर्षी काही मिलिमीटर वर येते आहे.

तिथल्या अभियंत्याला मी माझ्या हेडफोनचं सांगितलं. तो म्हणाला, सांगितलंत हे बरं झालं. त्या वेळची नोंद ते तपासून बघतील. मग मला त्याने तबकडीच्या पायाशी उभं केलं आणि ती वळताना ऐकायला दिली. इतकी मोठी वस्तू, आणि आवाज फक्त मोटरीचा एक खोल सूर, चढत जाणारा, मग थांबणारा. एका क्वेसारकडून दुसऱ्याकडे. मी अर्धा तास नुसता तोच सूर ध्वनिमुद्रित करत होते. ताई दोनदा हाक मारून गेली.

चौथा दिवस

झेपेलिन पर्वतावर. १९१० साली काउंट झेपेलिन आपली हवाई जहाजं आर्क्टिकच्या शोधमोहिमांना वापरता येतील का ते पाहायला स्पिट्सबर्गनला येऊन गेला, त्याचं नाव या डोंगराला. वेधशाळा समुद्रसपाटीपासून ४७५ मीटरवर. वर जायला इवलीशी केबलकार, मोजकी माणसं बसतील एवढी. माझी पेटी मांडीवर. खाली गाव लहान लहान होत गेलं. लाल, पिवळी, निळी लाकडी घरं काड्यापेट्यांसारखी.

हवा मोजायला डोंगरावर का यायचं? खालच्या थंड थरात गावाच्या जनरेटरचा, बोटींचा धूर अडकून राहू शकतो. इतक्या उंचीवर बहुतेक वेळा मोकळी हवा मिळते, हजारो किलोमीटरवरून आलेली. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, काजळीचे कण, पारा, कीटकनाशकांचे अंश. ज्या वस्तू इथे कुणी कधी वापरल्या नाहीत त्यांचे अंश. औद्योगिक क्रांतीआधी हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे २८० भाग होता. २०१२ साली इथल्या नोंदीने ४०० चा आकडा ओलांडला. तो आता बराच मागे पडलाय.

छपरावरच्या नळ्यांतून हवा आत खेचणाऱ्या पंपांचा गुणगुणाट ऐकवत नव्हता. माझ्या दृष्टीने वाईट जागा. मुलाखत बाहेर गच्चीवर घ्यावी लागली. तीही एका अटीवर: वारा जिकडून येतो त्या बाजूला नळ्यांसमोर उभं राहायचं नाही, कारण आपला श्वासही मोजला जातो. आम्ही तिघं आणि बोलणारी शास्त्रज्ञ, चौघंही वारा बघून जागा बदलत होतो. असं चित्रीकरण मी कधी केलं नव्हतं. श्वासाचा आवाज टाळायची मला सवय आहे. श्वासच टाळायचा हे नवीन.

पाचवा दिवस

आज हिमाद्री. भारताचं हे केंद्र १ जुलै २००८ रोजी सुरू झालं. गोव्यातली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था ते चालवते. बाहेरून इतर घरांसारखंच लाकडी घर. शेजारीपाजारी जर्मन-फ्रेंच, कोरियन, इटालियन. चीनच्या केंद्राच्या दाराशी दोन दगडी सिंह. बरीच वर्षं इथे उन्हाळ्यापुरते भारतीय यायचे. डिसेंबर २०२३मध्ये पहिली हिवाळी तुकडी निघाली, तेव्हापासून ध्रुवीय रात्रीतही काम होतं.

आत गेल्यावर मराठी ऐकू आलं आणि मी चमकले. वातावरणावर काम करणारे एक संशोधक फोनवर बोलत होते, तारेच्या फोनवर. बोलणं झाल्यावर म्हणाले, “तुम्ही मायक्रोफोनवाल्या ना? आमच्या मशीनचा आवाज ऐकायचाय का?” मला अशी माणसं लगेच जवळची वाटतात.

ते आम्हाला गावाबाहेरच्या ग्रुवेबादेतला घेऊन गेले. नावाचा अर्थ खाणीचं न्हाणीघर. पाळी संपली की कामगार इथे अंगावरची काजळी धुवायचे. आता त्याच इमारतीत हवेतली काजळी मोजतात. यंत्र हवा ओढतं, एका पट्टीवरून गाळतं. पट्टीवर राखाडी ठिपका उमटतो आणि त्यातून प्रकाश किती पार जातो त्यावरून काजळी ठरते. त्यांनी पट्टीचा वापरलेला तुकडा दाखवला. ठिपक्यांची रांग, काही फिके, काही गडद. काळी धूळ बर्फावर बसली की बर्फ जास्त ऊन पितो आणि लवकर वितळतो, त्यासाठी हा खटाटोप. यंत्राचा आवाज म्हणाल तर दर थोड्या वेळाने ‘खट्’, पट्टी एक घर पुढे सरकते. त्या ‘खट्’साठी मी वीस मिनिटं थांबले.

फ्योर्डच्या तळाशीही भारताचं एक उपकरण आहे, ‘इंडार्क’. २०१४ साली सुमारे १९२ मीटर खोलीवर सोडलं. पाण्याचं तापमान, क्षारता वगैरे नोंदवतं. पश्चिम किनाऱ्याला लागून अटलांटिकचं उबदार पाणी वर येतं आणि ते फ्योर्डमध्ये शिरतं. २००६ सालच्या हिवाळ्यापासून कोंग्सफ्योर्ड पूर्वीसारखा घट्ट गोठलेला नाही. आर्क्टिकच्या बर्फाचा आपल्या मान्सूनशी काय संबंध, हा त्या संशोधकांचा जीव की प्राण विषय. ठाम उत्तर अजून कुणी देत नाही, आणि त्यांनीही दिलं नाही. याचं मला बरं वाटलं.

परतताना खाणीचं स्मारक. १९१६ साली सुरू झालेल्या या खाणीत अपघात होतच राहिले. ५ नोव्हेंबर १९६२च्या स्फोटात २१ माणसं गेली. पुढच्या वर्षी खाण बंद पडली आणि ओस्लोत पंतप्रधान आइनार गेरहार्डसन यांचं सरकार त्यावरून कोसळलं. ताईने कॅमेरा बंद ठेवायला सांगितला. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो.

सहावा दिवस

या दिवसासाठीच मी आले होते. अंगभर फुगीर नारिंगी सूट घालून आम्ही बोटीने क्रोनेब्रीन हिमनदीच्या तोंडाकडे निघालो. ती या भागातली सगळ्यात वेगवान, समुद्रात कोसळणारी. मागे तीन शिखरं, स्वेआ, नोरा, दाना. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क यांच्या नावांची. डाव्या हाताला ब्लोमस्ट्रांड. जुन्या नकाशांत ते द्वीपकल्प आहे. हिमनदी मागे हटली तेव्हा, १९९०च्या दशकात, ते बेट असल्याचं उघड झालं.

सव्वा किलोमीटरवर इंजिन बंद केलं. त्यापुढे जायची मुभा नव्हती, कडा कधी तुटेल सांगता येत नाही. मी हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माइक, खाली सोडला, दहा मीटर. डाव्या कानात पाणी, उजव्या कानात हवा.

पाण्याचा कान उघडला आणि मी दचकून आवाज कमी केला. शांत दिसणाऱ्या त्या फ्योर्डच्या पोटात नुसता कल्लोळ. फोडणीत मोहरी तडतडावी तसा, पण सगळीकडून, न थांबता. तो बर्फातल्या हवेचा आवाज. बर्फ थरावर थर पडून दाबला जातो तेव्हा मधली हवा बुडबुड्यांत कोंडली जाते, दाबाखाली. हिमनग पाण्यात वितळताना भिंत पातळ झाली की बुडबुडा फटकन फुटतो. लाखो बुडबुडे एकाच वेळी. बोटीजवळ हातभर लांबीचा एक तुकडा तरंगत होता, काचेसारखा. मी मोजा काढून त्यावर बोट टेकवलं. त्याची टचटच बोटाला लागत होती. कुठल्या तरी जुन्या हिवाळ्यातली हवा, आत्ता सुटत होती. परवा डोंगरावर ज्या हवेसाठी आम्ही श्वास राखून उभे होतो, त्या हवेत ही मिसळत होती.

मग कडा तुटला. मी बघत होते म्हणून सांगते. आधी नजरेला दिसलं, एक निळी फळी पुढे झुकली, आवाज अजिबात नाही. लगोलग डाव्या कानात खोल ‘धप्प’ आणि लांबत गेलेली घरघर. उजव्या कानात अजूनही फक्त किट्टिवेक पक्ष्यांचा गलका. आणि जवळजवळ तीन सेकंदांनी हवेतून गडगडाट आला, सूटमधून छातीवर आदळला. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगाने धावतो हे मी शाळेत शिकले, शिकवलंही. पण एकच पडणं दोन कानांत दोनदा ऐकण्याची गोष्ट निराळी. माझ्या हाताला कंप सुटला होता. बोट चालवणाऱ्याने लाटेकडे नाक वळवलं, बोट वरखाली झाली, आणि पक्षी सगळे त्या जागी तुटून पडले. ढवळलेल्या पाण्यात वर आलेलं खाद्य वेचायला.

ताईने विचारलं, “मिळालं?” मी मान हलवली. मला बोलवत नव्हतं.

सातवा दिवस

शनिवार. दिवसभर मुलाखती. हिवाळा काढलेल्यांना आम्ही एकच गोष्ट विचारली, अंधार कसा काढता? २४ ऑक्टोबरच्या सुमाराला सूर्य जातो तो फेब्रुवारीच्या मध्यानंतर क्षितिजावर येतो, आणि मधल्या डोंगरांमुळे गावात ऊन पडायला मार्च उजाडतो. प्रत्येकाने वेगळं सांगितलं. एकाने कुत्र्यांना रोज एकाच वेळी फिरवण्याचं सांगितलं. एकीने सांगितलं की जेवायला न येणाऱ्याच्या दारावर कुणीतरी जाऊन टकटक करतंच. मला वाटतं आमच्या माहितीपटाचा कणा तोच असावा. ताईला अजून पटलेलं नाही.

रात्री भोजनगृहात सगळे ठेवणीतले कपडे घालून आले, आठवडाभर लोकरी पोशाखात दिसलेली माणसं. शनिवारची ही प्रथा. कॅमेरामनकडे सदरा होता, माझ्याकडे नव्हता. कोरियन केंद्रातल्या मुलीने तिची रेशमी शाल दिली.

आठवा दिवस

निघायचा दिवस, आणि दाट धुकं. विमान येणार नाही असं सकाळीच कळलं. सामान बांधून झालेलं. मी आणि कॅमेरामन चालत मनोऱ्यापाशी गेलो. ११ मे १९२६ रोजी अमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले या ध्रुवशोधकांचं ‘नोर्गे’ हे हवाई जहाज इथून सुटलं, दुसऱ्या दिवशी ध्रुवावरून गेलं आणि अलास्कात टेलरला उतरलं. जहाज बांधून ठेवायचा तो लोखंडी मनोरा अजून उभा आहे. धुक्यात त्याचा फक्त पाया दिसत होता. जवळच एक रेनडिअर शेवाळ ओरबाडत होता. बूम खाली नेला तर त्याच्या दातांचा ‘चर्र चर्र’ आला, सुंदर.

दुपारी एक वाजता जर्मन-फ्रेंच केंद्रात रोजचा फुगा सोडायचा होता. आकाश कसंही असो, रोज त्याच वेळी, जगभरच्या शेकडो केंद्रांबरोबर. खाली मुठीएवढं यंत्र, तापमान, आर्द्रता, दाब मोजणारं. ते ४०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलतं, म्हणून त्याला या गावात बोलायची परवानगी. साधारण तीस किलोमीटर उंचीवर पातळ हवेत फुगत फुगत फुगा फुटतो.

तंत्रज्ञ मुलीने दोन्ही हातांनी तो बाहेर आणला. मी माइक तिच्या कोपराजवळ धरला. फुग्याचं रबर वाऱ्याने थरथरत होतं, हलक्या पखवाजासारखं. तिने हात सोडले. दोरीचा एक सळसळाट, आणि दोन-तीन सेकंदांत धुक्याने तो गिळला. नंतर फक्त सुरय.

आम्ही आत पळालो, मोजे घालून, पडद्यापाशी. आकडे येऊ लागले होते. आर्द्रता शंभराला टेकलेली, तापमान घसरत होतं. मग चारशे मीटरच्या आसपास आर्द्रता एकदम कोसळली आणि तापमान चढलं.

“धुकं संपलं,” ती म्हणाली, आणि बोटाने आकडा दाखवला. म्हणजे झेपेलिनची वेधशाळा या क्षणी उन्हात होती.

मी पुन्हा हेडफोन चढवले आणि दाराबाहेर जाऊन बसले. विमान रात्री साडेनऊला आलं. तोपर्यंत मी ते धुकं ध्वनिमुद्रित करत होते.